पाच वर्षांनी तुलना करता येईल असा सेंद्रिय कर्ब कसा मोजावा

एकाच घमेल्यात नीट कालवलेली माती दोन प्रयोगशाळांना द्या. एकीचा अहवाल म्हणेल सेंद्रिय कर्ब (म्हणजे मातीत मिसळलेल्या वनस्पती-जीवांच्या अवशेषांतला कार्बन) ०.६० टक्के, दुसरीचा म्हणेल ०.७८ टक्के. दोघींनीही काम चोख केलेले असू शकते. फरक एवढाच, की एकीने हिशोबात १.३ चा गुणक लावला आणि दुसरीने नाही. आता समजा, पाच वर्षांपूर्वीचा अहवाल पहिलीकडचा आहे आणि यंदाचा दुसरीकडचा. कागदावर कर्ब तीस टक्क्यांनी वाढला, जमिनीत मात्र काहीच घडलेले नाही.

कर्बाच्या मोजणीत असे अपघात नेहमीचे आहेत, कारण आपण फार छोटा बदल शोधत असतो. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी ‘हजारात चार’ हा उपक्रम पुढे आला. मातीतला कर्बसाठा दरवर्षी ०.४ टक्क्याने वाढवावा, असे त्याचे ध्येय. हे ध्येय एखाद्या शेताने पूर्ण गाठले असे धरून हिशोब करू. वरचा ३० सेंटिमीटरचा थर, स्थूल घनता (एक घनसेंटिमीटर जागेतल्या कोरड्या मातीचे ग्रॅममधले वजन) १.३ आणि कर्ब ०.८ टक्के असेल, तर हेक्टरी ३,९०० टन मातीत ३१.२ टन कर्ब आहे. त्याचे ०.४ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे १२५ किलो. ही वाढ ३,९०० टन मातीत पसरली, की टक्केवारी ०.८०० वरून ०.८०३ होते. प्रयोगशाळेतल्या ब्युरेटवरची, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या नळीवरची, सर्वांत लहान रेघ ०.१ मिलिलिटरची असते. नेहमीच्या पद्धतीत या एका रेघेचा फरक सुमारे ०.०२ टक्के कर्बाएवढा, म्हणजे सहा वर्षांच्या वाढीइतका.

म्हणून पहिला खड्डा घेण्याआधी एक वही घ्या आणि पुढची प्रत्येक गोष्ट कशी करणार ते तिच्यात लिहा. पाच वर्षांनी कदाचित तुम्ही नसाल, दुसरेच कोणी नमुने घेईल. त्याला ती वही वाचून जसेच्या तसे काम करता आले पाहिजे. माझ्या मते एखादी पद्धत थोडी कमी अचूक असली तरी चालेल, पण ती मध्येच बदलली तर चालणार नाही.

आधी ठरवा: टक्केवारी हवी की साठा?

खतांची मात्रा ठरवण्यासाठी माती परीक्षण करायचे असेल, तर वरच्या १५ सेंटिमीटरमधली टक्केवारी पुरते. जमिनीत कर्ब साठतोय की नाही हे पाहायचे असेल, तर हेक्टरी टन हवेत. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: कर्बाची टक्केवारी, स्थूल घनता आणि थराची जाडी. यांतली एक जरी राहिली तरी साठा काढता येत नाही, आणि राहते ती बहुतेक वेळा घनताच. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल तज्ज्ञगटाच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत मूळ खोली ३० सेंटिमीटर धरली आहे, जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या मोजणी संहितेतही किमान खोली तीच आहे. शक्य असेल तर ०–१०, १०–३० आणि ३०–५० असे तीन थर वेगवेगळे घ्या. तिसरा थर कशाला, ते हिशोबाच्या वेळी कळेल. तो न घेतल्याचा पश्चात्ताप मी स्वतः केलेला आहे.

शेताचे गट पाडा

शेत एकच असले तरी माती एकच नसते. उताराचा वरचा भाग, मधला आणि पाणी साचणारा खालचा, यांत कर्बाचा फरक सहज दीडपट असू शकतो. मातीचा रंग, पोत, उतार आणि आजवरची वापरपद्धत पाहून शेताचे दोन ते पाच गट करा. पूर्वी एका तुकड्यात फळबाग होती आणि आता सगळीकडे एकच पीक आहे, तरी तो तुकडा वेगळा गट समजा. कर्बाची आठवण लांबची असते.

प्रत्येक गटात जागा निवडताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. ‘चांगली प्रातिनिधिक जागा’ शोधू लागलो, की आपण नकळत चांगल्या पिकाच्या जागी जाऊन उभे राहतो. नकाशावर चौकटी आखा, त्यांना आकडे द्या आणि चिठ्ठ्या टाका. जिथे चिठ्ठी निघेल तिथे जायचे. बांधाला लागून असलेली पट्टी, झाडांची सावली, जनावरे बांधायची जागा, उकिरडा, पाट, पाऊलवाट आणि जुन्या घराचा चौथरा एवढे मात्र आधीच नकाशातून वगळा आणि वगळल्याची नोंद ठेवा.

किती जागा? याचे उत्तर शेताच्या आकारापेक्षा मातीच्या विस्कळीतपणावर अवलंबून असते. पहिल्या वर्षी दहा-पंधरा जागांचे नमुने न मिसळता वेगवेगळे तपासून घ्या आणि त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप, काढा. नियोजनापुरते धरू, की दोन वेळच्या मोजणीतल्या फरकाचे विचलन हेक्टरी ५ टन आहे. जागा १६ असतील, तर ५ भागिले १६ चे वर्गमूळ म्हणजे १.२५ टन ही सरासरीतली त्रुटी. खात्रीने ओळखता येणारा बदल साधारण तिच्या तिप्पट, म्हणजे पावणेचार टन. वर्षाला ०.३ टन वाढ होत असेल, तर ती दिसायला साडेबारा वर्षे लागतील! जागा चौपट केल्या, म्हणजे ६४, तर हा काळ निम्म्यावर येतो. हा हिशोब पाहून काहीजण नाउमेद होतात. पण दरवर्षी दोन नमुने घेऊन वर-खाली होणाऱ्या आकड्यांचे अर्थ लावत बसण्यापेक्षा पाच वर्षांतून एकदा भरपूर नमुने घेणे केव्हाही शहाणपणाचे.

खर्च आवरायला नमुने मिसळावे लागतात, आणि त्यात गैर काही नाही. एका जागेभोवती पाच मीटरच्या आत पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून एक मिश्र नमुना करा. मात्र सगळ्या शेताचा मिळून एकच मिश्र नमुना करू नका. त्यातून सरासरी मिळते, पण तिच्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळत नाही. प्रत्येक गटाचे किमान तीन-चार स्वतंत्र मिश्र नमुने हवेत.

पुढच्या वेळी त्याच जागी परत यायचे आहे, हे लक्षात ठेवून खूण करा. मोबाइलमधला जीपीएस तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होतो. म्हणून अक्षांश-रेखांशाच्या जोडीने दोन पक्क्या वस्तूंपासून, उदाहरणार्थ विजेचा खांब आणि विहिरीचा कठडा, टेपने अंतरे मोजून लिहा. पुढच्या वेळी जुन्या खड्ड्यापासून मीटर-दोन मीटर बाजूला खणा. जुन्या खड्ड्यात कधीही नाही, तिथली माती आपणच उलटीपालटी केलेली असते.

वेळ

कापणी झाल्यावर, पण नांगरट होण्याआधी आणि शेणखत टाकण्याआधी. आणि दर वेळी त्याच महिन्यात. ताज्या मुळांमुळे आणि काडीकचऱ्यामुळे वर्षभरात आकडा हलत राहतो, म्हणून वेळ बदलली की तुलना बिघडते. जमीन वाफशावर असावी. ओल्या मातीत नळी घातली की माती दबते, फार कोरड्या मातीत ढेकळे फुटून खाली पडतात. भेगाळणाऱ्या भारी काळ्या जमिनीत तर वाफसा पाळणे अनिवार्यच आहे, कारण ती माती ओलीने फुगते, सुकली की आकसते आणि तिची घनताही तशी बदलत जाते.

खणताना

पृष्ठभागावरचा पालापाचोळा हाताने बाजूला करा, पण माती खरवडू नका. सर्वांत जास्त कर्ब वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्येच असतो. सरी-वरंबा असेल, तर सरीतून घेणार की वरंब्यावरून, ते एकदाच ठरवा. मी दोन्हींकडून त्यांच्या रुंदीच्या प्रमाणात घेतो आणि वहीत तसे लिहितो. खोली कुठून मोजायची हेही त्याच वेळी ठरवा.

माती परीक्षणासाठी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा घेऊन कडेची खाप काढतात. ती खाप वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची असेल तरच उपयोग. खुरप्याने काढताना वर जाड आणि खाली निमुळती होते, मग वरची कर्बयुक्त माती जास्त येते आणि आकडा फुगतो. साठा मोजायचा असेल तर आतला व्यास किमान ५ सेंटिमीटर असलेली सरळ नळी वापरा. ती ठोकल्यावर बाहेरच्या खड्ड्याची खोली आणि आतल्या मातीची लांबी दोन्ही मोजा. खड्डा ३० सेंटिमीटर आणि आतली माती २७ असेल, तर माती दाबली गेली आहे. तो नमुना टाकून बाजूला पुन्हा घ्या. कंटाळा करू नका, हा दहा टक्क्यांचा घोळ आहे.

थर वेगळे करताना खालचा थर काढण्याआधी खड्ड्यात पडलेली वरची माती साफ करावी लागते. पिशवीच्या आत आणि बाहेर अशा दोन चिठ्ठ्या, पेन्सिलीने लिहिलेल्या. शाई ओलीने पसरते.

स्थूल घनता

हे काम कष्टाचे नाही, पण लोक ते टाळतात आणि पुस्तकातला आकडा घालतात. तसे केले तर पुढे सगळा हिशोब पुस्तकातल्या जमिनीचा होतो, तुमच्या नाही.

खड्ड्याच्या भिंतीत प्रत्येक थराच्या मध्यावर धातूचे कडे ठोका. ५ सेंटिमीटर व्यास आणि ५ सेंटिमीटर उंचीच्या कड्याचे आकारमान ९८.२ घनसेंटिमीटर होते. दोन्ही बाजूंची जादा माती सुरीने सपाट कापा, मग सगळी माती १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, साधारण २४ तास लागतात. कोरडे वजन १२७.६ ग्रॅम आले तर घनता १.३०. प्रत्येक थराला किमान तीन कडी घ्या. सगळ्यांत उत्तम म्हणजे कर्बाचा नमुना आणि घनता एकाच नळीतून काढणे, मग दोन आकड्यांमध्ये जागेचा फरक राहत नाही.

माती खडकाळ असेल तर खडे चाळून त्यांचे वजन वेगळे लिहा. अशा जमिनीत हिशोबाचा सोपा मार्ग असा: २ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेल्या मातीचे कोरडे वजन भागिले कड्याचे पूर्ण आकारमान. खड्यांची वजावट यात आपोआप होते. हा आकडा वापरल्यावर वर पुन्हा खड्यांची टक्केवारी वजा करू नका. ही दुहेरी वजावट मी बऱ्याच तक्त्यांत पाहिली आहे.

वाळवणे, चाळणे, दळणे

नमुने सावलीत, कागदावर पसरून वाळवा. भट्टी वापरलीच तर ४० अंशांच्या वर जाऊ नका. वाळत असतानाच ढेकळे हाताने फोडा आणि दिसतील ती मुळे, काड्या वेचा. किती वेळ वेचायचे हेही ठरवून ठेवा, उदाहरणार्थ प्रत्येक नमुन्याला दहा मिनिटे. एखादा मन लावून अर्धा तास वेचतो, दुसरा दोन मिनिटांत उठतो, आणि तो फरक थेट कर्बाच्या आकड्यात उतरतो.

२ मिलिमीटरच्या चाळणीनंतर ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला काढायचे, असे करत नमुना कमी करा. मूठभर वरून उचलू नका. त्यातला वीसेक ग्रॅमचा भाग ०.२ मिलिमीटरची चाळणी पार करेल इतका बारीक दळायचा असतो. इथे एक चूक सर्रास होते: चाळणीवर जे उरले ते फेकून देतात. ते फेकायचे नाही, पुन्हा दळायचे. घेतलेला सगळाच भाग चाळणीतून गेला पाहिजे. खल लोखंडी नको. लोखंडाचा कीस मातीत मिसळला तर तो डायक्रोमेट (कर्ब मोजायला वापरतात ते रसायन) खातो आणि कर्ब जास्त दिसतो. चिनी मातीचा खल घ्या.

प्रयोगशाळेत

सर्वांत रुळलेली पद्धत वॉकली आणि ब्लॅक यांची, १९३४ सालची. एक ग्रॅम मातीत एक नॉर्मल (‘नॉर्मल’ हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) पोटॅशियम डायक्रोमेट १० मिलिलिटर, मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल २० मिलिलिटर. आम्लाच्या उष्णतेने कर्बाचे ज्वलन होते. बरोबर ३० मिनिटे थांबून २०० मिलिलिटर पाणी घालायचे, १० मिलिलिटर फॉस्फोरिक आम्ल आणि डायफिनाइलअमाइनचे दर्शक द्रावण घालून, उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचे. जांभळट निळा रंग एका थेंबात हिरवा होतो. मातीशिवाय केलेल्या कोऱ्या चाचणीला २०.० मिलिलिटर लागले, नमुन्याला १६.० आणि द्रावण अर्धा नॉर्मल असेल, तर ४ गुणिले ०.५ गुणिले ०.००३ गुणिले १०० म्हणजे ०.६० टक्के.

या पद्धतीत बाहेरून उष्णता दिली जात नाही, म्हणून सगळा कर्ब जळत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असे धरून १.३ ने गुणतात, आणि ०.६० चे ०.७८ होतात. सुरुवातीच्या गोंधळाचे मूळ हेच. अहवाल मागताना दोन प्रश्न विचारा: गुणक लावला आहे का, आणि आकडा कर्बाचा आहे की सेंद्रिय पदार्थाचा? कर्बाला १.७२४ ने गुणून सेंद्रिय पदार्थ काढण्याची जुनी रीत आहे, आणि दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात.

थरथरत्या हाताने ओतलेले आम्ल, थंड खोली, अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास, या सगळ्यांनी आकडा बदलतो. खारवट जमिनीतले क्लोराइड आकडा फुगवते, त्यासाठी आम्लात सिल्व्हर सल्फेट मिसळतात. दहा मिलिलिटरपैकी आठच्या वर डायक्रोमेट संपले, तर माती कमी घेऊन चाचणी पुन्हा करायची. आणखी एक, हे डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. चाचणीचे सांडपाणी बेसिनमध्ये ओतायचे नसते, वेगळे साठवून योग्य विल्हेवाट लावायची असते.

दुसरी पद्धत शुष्क ज्वलनाची. यंत्रात सुमारे ९०० अंशांच्या वर ऑक्सिजनमध्ये माती जाळतात आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. आकडे जास्त स्थिर येतात, गुणकाची भानगड नाही. परवडत असेल तर हीच घ्या. पण ती सगळा कर्ब मोजते, चुनखडीतलासुद्धा. शुद्ध चुन्याच्या कार्बोनेटमध्ये १२ टक्के कर्ब असतो. म्हणजे मातीत ५ टक्के चुनखडी असेल तर ०.६ टक्के असेंद्रिय कर्ब तुमच्या आकड्यात घुसतो. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफसले, तर नमुन्यातले कार्बोनेट आधी आम्लाने घालवावे लागेल किंवा वेगळे मोजून वजा करावे लागेल. डायक्रोमेटच्या पद्धतीला हा त्रास नाही. उलट कोळसा किंवा बायोचार (काडीकचऱ्यापासून केलेला कोळसा) टाकलेल्या जमिनीत डायक्रोमेट कमी पडते, कारण तो कर्ब सहजी जळत नाही.

भट्टीत माती जाळून वजनातली घट मोजण्याची तिसरी रीत स्वस्त आहे, पण चिकणमातीच्या कणांतले बांधील पाणीही उडते आणि ते कर्बात धरले जाते. भारी जमिनीत मी तिच्या वाटेला जाणार नाही.

हवेत वाळवलेल्या मातीतही पाणी उरते. भारी मातीत १०० ग्रॅम पूर्ण कोरड्या मातीमागे ६ ग्रॅम पाणी असेल, तर अहवालातला ०.८० टक्के खरे तर ०.८५ असतो. म्हणून त्याच दिवशी त्याच मातीचा थोडा भाग १०५ अंशांवर वाळवून आर्द्रता काढायला सांगा आणि आकडा कोरड्या वजनावर मागा.

तुम्हीही प्रयोगशाळेची परीक्षा घ्या. दर दहा नमुन्यांत एक नमुना दोनदा, वेगळ्या क्रमांकाने पाठवा. शिवाय स्वतःच्या शेतातली दहा किलो माती एकदाच वाळवून, दळून, एकजीव करून ठेवा आणि तिची एक पुडी प्रत्येक खेपेला इतर नमुन्यांत मिसळा. तिचा आकडा दरवेळी एकच यायला हवा. सरकला, तर बदल जमिनीत नाही, प्रयोगशाळेत झाला आहे.

हिशोब, आणि तो तिसरा थर

सूत्र सोपे आहे: कर्ब टक्के गुणिले घनता गुणिले सेंटिमीटरमधली जाडी म्हणजे हेक्टरी टन. थर वेगळे काढून बेरीज करा.

अडचण पुढच्या वेळी येते. समजा, पाच वर्षे सेंद्रिय खते दिली, नांगरट कमी केली. माती भुसभुशीत झाली, घनता १.३० वरून १.२० वर आली आणि कर्ब ०.८० वरून ०.८४ टक्के झाला. ३० सेंटिमीटरचा हिशोब करा: आधी ३१.२ टन, आता ३०.२ टन. कर्ब घटला! चांगली शेती केल्याची ही शिक्षा कसली? झाले असे, की माती फुगली. तेवढ्याच ३० सेंटिमीटरमध्ये आधी ३,९०० टन माती होती, आता ३,६०० टनच मावते. आपण ३०० टन माती मोजायचीच विसरलो, ती ३० सेंटिमीटरच्या खाली गेली आहे.

म्हणून तुलना खोलीवर न करता मातीच्या समान वजनावर करतात. उरलेली ३०० टन माती खालच्या थरातून घ्यायची. तिथे कर्ब ०.५५ टक्के असेल तर १.६५ टन मिळतात, आणि एकूण ३१.९ टन होतात. घट एक टनाची दिसत होती, तिथे प्रत्यक्षात ०.७ टन वाढ आहे. ३०–५० चा थर घेतलेलाच नसेल, तर हा हिशोब करता येत नाही. माती घट्ट झाली असेल तेव्हा उलटे होते आणि फुकटची वाढ दिसते.

अंतिम आकड्यासोबत त्याची त्रुटी लिहा. ‘वाढ ०.७ टन’ आणि ‘वाढ ०.७ टन, अधिक-उणे १.३ टन’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्याचा अर्थ एवढाच, की वाढ झाली असे अजून म्हणता येत नाही.

माती जपून ठेवा

तपासून उरलेली माती फेकू नका. दोनशे ग्रॅम कोरडी माती घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथे १८४३ पासूनच्या प्रयोगांचे नमुने जपून ठेवले आहेत, त्यामुळे तिथे जुनी माती आजच्या यंत्रावर तपासता येते. आपल्याला दीडशे वर्षांची गरज नाही. पण कधी ना कधी प्रयोगशाळा बंद पडते, यंत्र बदलते, पद्धत बदलावीच लागते. त्या वेळी कपाटातले वीस-तीस जुने नमुने, कमी कर्बापासून जास्त कर्बापर्यंतचे निवडून, नव्या पद्धतीने पुन्हा तपासा आणि जुने-नवे आकडे आलेख कागदावर समोरासमोर मांडा. बिंदू एका रेषेत आले, तर त्या रेषेने जुने सगळे आकडे नव्या मापात आणता येतात. विखुरले, तर जपलेली सगळी पहिल्या वर्षाची माती नव्या पद्धतीने तपासून घ्या आणि तुलना त्याच आकड्यांशी करा.